वापरणारा बदलला

आरोग्य खात्यातल्या साहेबांनो, तुम्हांला हात बरे करायचे नव्हते. तुम्हांला खाटा रिकाम्या करायच्या होत्या. त्या केल्यात. जिल्ह्याच्या रुग्णालयातला व्यायामोपचाराचा वॉर्ड बंद केलात, धरून चालायच्या दांड्या भंगारात काढल्यात, आणि पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या माणसाला सातव्या दिवशी घरी पाठवताना त्याच्या मांडीवर एक बाही ठेवलीत. वर गावोगावच्या भिंतींवर रंगवलंत, 'माणूस आपल्या घरात बरा होतो.' वाक्य चांगलं होतं. खोटंही नव्हतं. म्हणून तर ते सगळ्यांना पचलं.

बाहीचं नाव गतिबाही. राखाडी, पातळ, खांद्यापासून बोटांपर्यंत. इचलकरंजीत अशा एक्केचाळीस बाह्या एक्केचाळीस घरांत होत्या आणि त्या सगळ्यांवर तबस्सुम मुजावर ही एक बाई होती. अकरा वर्षं तिने वॉर्डात माणसांचे हातपाय चालवले होते. वॉर्ड बंद झाल्यावर तिला स्कूटर मिळाली. आता ती घरोघर जायची, बाहीवरचा आकडा बघायची, सही करायची आणि निघायची. पहिल्या वर्षी तिला याचा राग यायचा. पुढे तोही येईनासा झाला.

बाही दिल्यापासून सत्त्याऐंशीव्या दिवशी ती हौसाक्का बिरंजेच्या घरी गेली. साध्या मागांचे कारखाने गावात आता मोजकेच उरले होते. त्यातल्या एकाच्या पाठीमागे बिरंज्यांची दीड खोली. हौसाक्का मशीनवर मागासाठी सुताची कांडी भरायची. तीस वर्षं तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांनी तुटलेले धागे गाठ मारून जोडले होते. तीन महिन्यांपूर्वी ती मशीनवरच कलंडली आणि त्या बोटांची मूठ झाली ती सुटेना. नवरा दगडू त्याच कारखान्यात चार माग चालवायचा.

"बाई, बघा आज गंमत," हौसाक्का म्हणाली. जीभ अजून जड होती. तिने हात मांडीवर ठेवला, ओठ आवळले, कपाळावर घाम आला. बाही सूक्ष्मशी थरथरली. अंगठा सरकत सरकत तर्जनीला टेकला आणि पडला.

"परत करा मावशी."

"परत काय करा! जीव गेला माझा तेवढ्यात." पण तिने परत केलं. टेकला.

तबस्सुम ते बघत राहिली. वॉर्डात असती तर तिने शेजारच्या खाटेवरच्यांना हाक मारून दाखवलं असतं. बाहीवरचा आकडा मात्र एकतीस होता.

"अडुसष्ट लागतात ना?" दगडूने विचारलं.

"नव्वदाव्या दिवसापर्यंत. पडले की त्याच दिवशी हात 'सुधारित', प्रकरण बंद."

"आणि न्हाई झालं तर?"

"'अप्रतिसादी' असा शेरा पडतो. बाही परत जाते."

 दगडू अगदी कामाचं बोलावं तसा म्हणाला, "मी घालतो की दोन दिस. श्रीपाच्या घरात त्याच्या सुनंनं घातली हुती. पास झाला न्हवं त्यो?"

"काका, असं नाही चालत."

"का न्हाई? मी पाणी प्यायला गेलो की शेजारचा गडी माझं चार माग सांभाळतो. कापड निघतं ते माझ्याच नावावर पडतं. त्यो गेला की मी त्येचं सांभाळतो. त्यात कोण चोर म्हणतंय व्हय कुणाला?"

"अवो," हौसाक्का म्हणाली, "हात काय माग हाय का? गप बसा. मी करतीया न्हवं?"

"तू करतीयास गं. पर मशीन पटवून घ्यायला नको?"

तबस्सुमने सही केली आणि ती निघाली. श्रीपाच्या सुनेचं तिला माहीत होतं. इतरांचंही माहीत होतं. ती त्याबद्दल विचार करत नसे.

दुसऱ्या दिवशी ती कोल्हापूरला मापन कक्षात गेली. तिथे निरंजन ओगले बसायचे. बाहीचं गणित सांभाळणारा माणूस, पन्नाशीचा, सभ्य. टेबलावर मोसंबी सोलत होते. त्यांनी चार फोडी तिच्यासमोर ठेवल्या.

"मुदतवाढ हवीय," ती म्हणाली. "हौसाक्का बिरंजे. अंगठा तर्जनीला टेकतो. स्वतःच्या हुकमाने."

"गुण?"

"एकतीस."

"एकतीसला कशी देऊ? रेषेच्या निम्म्याहूनही खाली आहेत त्या."

"ती रेषा तुम्ही काढली कशावरून, तेच मला आज सांगा."

ओगल्यांनी हात पुसले. त्यांना कुणी असं विचारत नसावं. "बाही काय करते ते तुम्हांला माहीत आहे. मेंदूने हुकूम सोडला की दंडात क्षीण संदेश येतो. हात हलण्याइतका नसतो, पण असतो. बाही तो पकडते आणि राहिलेली ताकद स्वतः घालते. हुकूम आधी, मदत मागून. तरच मेंदू ती वाट पुन्हा शिकतो."

"ते आम्ही हाताने करत होतो."

"करत होतात. आता बाही मोजतेही. हालचालीत हाताचा स्वतःचा वाटा किती, तो गुण. वाटा वाढला की मदत तेवढी उतरते. आणि एकदा उतरलेली मदत परत चढत नाही. चढवली तर रुग्ण बाहीवर रेलतो, मेहनत सोडतो."

"बरोबर आहे. आणि रेषा?"

"पाच वर्षांपूर्वीची चाचणी. चार हजार घरं. त्यांच्या रोजच्या गुणांची सरासरी म्हणजे सुधाररेषा. तुम्हीही होतात की त्या चाचणीत."

"होते. त्यातलं एक घर दाखवा. सरासरी नको, एकच घर."

त्यांनी पडद्यावर एक घर काढलं. चाळीस दिवस आलेख आठ गुणांवर पडून होता. एक्केचाळीसाव्या दिवशी एक्क्याण्णव. दोन दिवस पुन्हा आठ. मग ब्याण्णव.

"याला आम्ही उसळी म्हणतो," ओगले म्हणाले. "सुधारणा अशी लहरी असू शकते."

"ओगलेसाहेब, मेंदू आज एक्क्याण्णव शिकून उद्या आठवर येत नाही. ही उसळी नाही. ही सून आहे. ज्या दिवशी तिला सवड, त्या दिवशी नव्वद."

ओगल्यांनी तो आलेख पुन्हा पाहिला. 

"दिवसाला तीनशे हालचाली भरल्या नाहीत तर तीन दिवसांत बाही काढून नेत होतात तुम्ही," ती म्हणाली. "म्हातारा थकला की घरातलं कुणीतरी घालायचं. बाहीला कळत नव्हतं, हात दुसरा आहे ते?"

"कळतं," ते हळू म्हणाले. "पहिल्याच मिनिटाला. प्रत्येक दंडाचे संदेश वेगळे असतात. तेव्हा 'वापरणारा बदलला' असा इशारा यायचा, बाही नव्या हाताशी पहिल्यापासून शिकायची, आणि इशारे साचले की ती परत मागवली जायची."

"किती घरांत आला?"

"चार हजारांत एकतीसशे."

"मग?"

"इतक्या घरांत येतो म्हणजे इशाराच सदोष आहे, असं वर ठरलं. तो काढून टाकला. शिवाय घरोघर जाणाऱ्यांच्याही तक्रारी होत्या." त्यांनी एक यादी उघडली आणि पडदा तिच्याकडे वळवला. चौथं नाव तिचंच होतं. खाली तिने लिहिलेलं होतं, 'या इशाऱ्यामुळे गरिबांच्या बाह्या परत जात आहेत. कृपया तो काढावा.'

तिला तो दिवस आठवला. असं लिहून आपण एक भलं काम केलं असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

"राहिलेली नऊशे घरं," ती म्हणाली. "जिथे इशारा आलाच नाही. त्यांची सरासरी काढा."

ओगल्यांनी ती काढली. नव्वदाव्या दिवशी चोवीस.

"म्हणजे हौसाक्का चांगली चाललीय."

"फारच चांगली."

"आणि परवा तिची बाही जाणार."

"नियमाने, हो."

"रेषा बदला."

"ती आता माझ्या हातात नाही. दरवर्षी आपोआप बदलते. जे 'सुधारित' ठरतात त्यांचे गुण तिच्यात मिसळतात. पुढच्या वर्षी एकाहत्तर होईल."  मग त्यांनी खणातून एक कागद काढून सही केली. "तीस दिवसांची सूट मी देऊ शकतो. प्रकरण चालू असेपर्यंतच. एकदा बंद झालं की नाही. हे घ्या. आणि बाई, हे वर कळवायचं असेल तर तुम्ही कळवा. माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची."

निघताना तिने त्या मोसंबीच्या फोडी खाल्ल्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

दुपारी चारला ती मुदतवाढीचा कागद घेऊन बिरंज्यांच्या दारात पोचली. दगडू दारातच उभा होता. त्याने दिवसभराची रजा टाकली होती. चेहरा उजळलेला.

"बाई, झालं काम! त्र्याऐंशी पडलं!"

ती आत गेली. बाही खुंटीवर होती. तिच्यावरच्या छोट्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सुधारित. प्रकरण बंद. बाही एक वर्ष आपल्याकडे राहील. अभिनंदन.'

"वरीसभर!" दगडू म्हणाला. "आता सावकाश कर म्हणावं हिला. मी फकस्त दोन दिस तिचा माग सांभाळला."

"मावशी झोपल्या होत्या का?"

"दुपारची झोपती ती. काल आन् आज. तिला काय कळू दिलं न्हाई, तिनं घालू दिली नसती."

हौसाक्का कॉटवर उठून बसली. झालं ते तिला आताच कळत होतं.  डाव्या हाताने तिने बाही मागितली. तबस्सुमने ती चढवून दिली, बंद आवळले.

हौसाक्काने ओठ आवळले. कपाळावर घाम आला. दंडातून हुकूम आला असणार, कारण बाहीच्या कडेचा बारीक दिवा लागला. पण बाही थरथरली नाही. तिच्या हिशेबी हा हात त्र्याऐंशी गुणांचा होता आणि अशा हाताला फार मदत लागत नाही. अंगठा जागचा हलला नाही.

"काल टेकला हुता की," हौसाक्का म्हणाली.

"परत करा मावशी."

तिने परत केलं. अकरा वेळा केलं. अपुरी हालचाल बाही मोजत नाही. बाहीने शून्य मोजलं.

तबस्सुमने ओगल्यांना फोन लावला. "मदत परत चढवायचीय. पहिल्यापासून शिकवायचंय बाहीला."

"का?"

"नवऱ्याने घातली."

 "पहिल्यापासून शिकवायला बाहीला 'वापरणारा बदलला' असं सांगावं लागतं," ओगले म्हणाले. "इशारा काढला तेव्हा ती सोयही निघाली. एकच होतं ते."

"मग दुसरी बाही द्या."

"सुधारित रुग्णाला दुसरी बाही मिळत नाही."

"माझ्याकडे तुमची सूट आहे. तीस दिवसांची."

"प्रकरण बंद झालंय, मुजावरबाई."

तिने फोन ठेवला. दगडू तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला सांगावं लागलं. तिने सांगितलं, साध्या शब्दांत, एकदाच. तो ऐकत असताना मान हलवत राहिला, जसा काही मागाचा बिघाड समजून घेत होता. मग म्हणाला, "म्हंजे मी न्हाई घातली असती तर बाही गेली असती."

"आज मी सूट आणली होती."

"त्ये मला कुठं ठावं हुतं?"

"नव्हतं."

"आन् आता बाही ऱ्हाईल, पर चालनार न्हाई."

"नाही चालणार."

भिंतीपलीकडे माग चालू होते. हौसाक्का बाहीतल्या हाताकडे बघत होती, रागाने नाही, रडतही नाही. दुसऱ्याचं कुणाचं सामान आपल्याकडे ठेवायला दिलंय तसं. तबस्सुमने बाही उतरवली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि जुन्या पद्धतीने अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. "मावशी, हुकूम सोडा. राहिलेलं मी करते." तिच्याकडे आणखी चाळीस घरं होती आणि प्रत्येक घराला दिवसाची अकरा मिनिटं मिळत होती. ती त्या दिवशी दोन तास तिथे बसली. त्याबद्दल तिला कारणे दाखवा नोटीस आली ती वेगळी.

नोटिशीचं उत्तर तिने दिलं. आता तुमची पाळी. तुमच्या त्या महिन्याच्या अहवालात इचलकरंजीत एक उजवा हात बरा झाल्याची नोंद आहे. त्या हाताचा माणूस कोण? एकतीसशे घरांत यंत्र ओरडून सांगत होतं की हात दुसरा आहे, तेव्हा त्यातल्या एका तरी घरी कोण जाऊन आलं? नावं द्या. ज्यांचे हात खरोखर सुधारत होते अशा किती माणसांकडून तुम्ही पाच वर्षांत बाह्या काढून नेल्यात? आकडा तुमच्याकडे आहे. ओगल्यांना राहिलेल्या नऊशे घरांची सरासरी काढायला दोन मिनिटं लागली नाहीत. तुम्ही किती वेळ घेणार, ते लेखी कळवा.