डाव्या कोपऱ्यातला उजेड

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत लाईट गेली होती. “वीज इथंच बनते अन् इथंच जाते,” असं म्हणत तोताराम नाना गच्चीवर सतरंजी अंथरून बसले. कामिनी आणि स्वप्नील ही नातवंडं त्यांना खेटून बसली.

“नाना, गोष्ट खरी सांगा हं. मागच्यासारखी थाप नको,” स्वप्नील म्हणाला.

“थाप तुझा मामा मारतो,” नाना म्हणाले. “भिकन फोटोवाला माझ्या दुकानासमोरच राहायचा. त्याच्या तोंडून ऐकलं, ते सांगतो.” आणि ते सांगू लागले.

ती रात्र १९ ऑगस्ट २०१८ची. कानबाई देवीच्या सणाचा रविवार. धरणगावकडच्या एका गावात कुंदाबाईंच्या घरी जागरण होतं आणि भिकनला फोटो काढायला बोलावलं होतं. त्या घरची रीत अशी, की कानबाईसमोरचा भाऊबंदांचा फोटो रोलवरच काढायचा. मोबाईलमधला फोटो पुसता येतो, कानबाईपुढचा माणूस पुसू नये, असं कुंदाबाईंच्या सासूचं म्हणणं होतं.

भिकनने कॅमेरा तिपाईवर लावला. एक फ्लॅश कॅमेऱ्यावर आणि दुसरा डाव्या कोपऱ्यात, स्टँडवर. त्या दुसऱ्याला एक लाल डोळा असतो. पहिल्याचा उजेड दिसला, की हा फ्लॅशही आपोआप पडतो, म्हणजे लखकन पेटतो. पण तो पडला की नाही, हे फोटो काढणाऱ्याला कळत नाही. बटण दाबलं, की आतला आरसा वर उचलला जातो आणि नेमक्या त्या क्षणी डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणून कोपऱ्यात एक माणूस लागतो. फ्लॅश पडला, की त्याने ओरडून सांगायचं.

भिकनचा तो माणूस म्हणजे त्याचा धाकटा भाऊ झुलाल. “पडना, भाऊ!” म्हणजे ‘पडला’, असं तो ओरडायचा. त्या वर्षी वैशाखात एका लग्नाच्या रोलमधला प्रत्येक फोटो अर्धा काळा निघाला. भिकन गिऱ्हाइकांसमोर त्याला खोटारडा म्हणाला. झुलाल तसाच उठला. मोटरसायकल काढून गेला आणि हायवेवर संपला.

तेव्हापासून भिकनला एकच गोष्ट खायची. तो राग धरून गेला का? जेवताना, झोपताना, तेच.

त्या रात्री तो एकटाच आला होता. दीड वाजला होता. एकेका घरची माणसं कानबाईपुढे उभी राहू लागली.

“बठ्ठा मन्हाकडे देखा!” सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळवून भिकनने बटण दाबलं.

“पडना.”

आवाज डाव्या कोपऱ्यातून आला. कोणीतरी पोर चिडवत असेल, असं त्याला वाटलं. दुसरा फोटो घेतला.

“पडना.”

तिसऱ्या फोटोनंतर त्याने वळून पाहिलं. कोपऱ्यात स्टँड होता. दुसरं कोणी नव्हतं.

“कुंदाबाई, ते ‘पडना’ कोन म्हनी राह्यनं?”

“कोनी ते बोलनं नही, भाऊ. आवरा आते, पोरं झोपी राह्यनात.”

भिकनने पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. पण हातातलं काम सोडता येईना. चौथा, पाचवा... दर वेळी आवाज येई. दर वेळी जरा जवळून.

अकरावा फोटो. आवाज अगदी कानाशी.

“पडना...”

बारावा शेवटचा होता. सगळे भाऊबंद एकत्र उभे राहिले. भिकनने डोळा कॅमेऱ्याला लावला. ओठ हलवत, कोणाला ऐकू जाणार नाही असं, विचारलं.

“झुलाल, राग गया का रे, भाऊ?”

बटण दाबलं.

अंधार...

कोणी बोललं नाही.

तो तसाच थांबला. मग हळूहळू कोपऱ्याकडे गेला. फ्लॅश तापलेला होता. त्याने मागचं झाकण उघडलं.

आत सेल नव्हते.

सेल घालायचं काम नेहमी झुलालचं. भिकनला त्याची आठवणच राहिली नव्हती. चारही सेल त्याच्या पिशवीत, कागदाच्या वेष्टनात तसेच पडले होते.

नाना थांबले. खाली कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

“मग... रोल काळा निघाला?” स्वप्नीलने विचारलं.

“नाही. भिकनने घरीच धुतला. दुसऱ्या दिवशी मला बोलावून दाखवला. पहिल्या फोटोत डावीकडून लख्ख उजेड. माणसांच्या सावल्या उजव्या भिंतीवर लांब गेलेल्या. दुसऱ्यात जरा आखूड. तिसऱ्यात आणखी. उजेड सरकत होता रे. कॅमेऱ्याकडे.”

“आणि बारावा?”

“बाराव्यात उजेड भिकनच्या मागून आला होता. त्याची स्वतःची सावली त्या माणसांच्या अंगावर पडली होती. तिपाईवर वाकलेली.”

नाना सतरंजीवर सावरून बसले.

“अन् तिच्या मागे दुसरी सावली. हात वर उचललेला.”

कामिनी हलक्या आवाजात म्हणाली, “खांद्यावर ठेवायला ना, नाना? मारायला नाही ना?”



“भिकन तो फोटो रोज बाहेर काढून बघतो,” नाना म्हणाले. “मीही पुष्कळदा बघितला. हात उचलला आहे... एवढंच दिसतं.”