घामाघूम चंद्र

"चंद्राला घाम आलाय! पळा, पळा, चंद्राला घाम आलाय!"

रेडिओची हाक ऐकून मुंगी ब्रश हातात घेऊनच धावली. या मुलाचं तोंड उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असायचं, म्हणून तो रेडिओ. त्याच्या बहुतेक बातम्या कुणी मनावर घेत नसे. पण ही बातमी खरी निघाली!

शाळेत जिन्याजवळच्या भिंतीवर रेडिओ, चिमुकली मुंगी आणि उंच जिराफ या तिघा दोस्तांनी सुट्टीभर खपून भलंमोठं चित्र काढलं होतं. सूर्य जिराफचा, कारण त्याचा हात पार वरपर्यंत पोचायचा. चंद्र मुंगीचा. आणि मधलं आकाश रेडिओचं, बोलता बोलता ब्रश कुठेही फिरला तरी खपून जावं म्हणून! शाळा उघडली की चित्रकलेच्या बाई इथेच प्रदर्शन भरवणार होत्या.

आता चंद्राच्या गालावर ओला डाग पडला होता आणि रंगाचे पापुद्रे सुटत होते.

तेवढ्यात मुख्याध्यापक सर आले. सोबत ठेकेदारकाका. सुट्टीत वरच्या प्रयोगशाळेत नवीन बेसिन बसवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"रंगात पाणी जास्त झालंय," काकांनी लांबूनच निकाल दिला. "शेवटी पोरांचं काम! सर, माझी माणसं आज जाणार आहेत. जाता जाता भिंत पांढरी करून देतो."

"सर, नको ना!" मुंगी कळवळली.

"बघू," सर घड्याळाकडे बघत म्हणाले. या 'बघू'चा अर्थ सगळ्या शाळेला ठाऊक होता. सर आणि काका पुढे निघून गेले.

मुंगीनं सूर्यावर हात फिरवला. कोरडा ठणठणीत! "दोघांना अस्तराचा रंग एकाच डब्यातला, एकाच दिवशी दिलेला. मग चंद्रच का ओला?"

"चंद्राच्या डोक्यावर बरोबर ते नवं बेसिन येतं," जिराफ म्हणाला.

"आणि काकांनी ते कसं तपासलं, सांगू?" रेडिओ सुरू झाला. "नळ सोडला, मान डोलावली आणि गेले चहाला! मी तिथेच होतो."

जिराफ भिंतीच्या पलीकडच्या खोलीत डोकावून आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मी हात लावला नाही, नुसतं पाहिलं. पलीकडे शाळेचा विजेचा बोर्ड आहे आणि त्याच्या वरची भिंतसुद्धा ओली आहे!"

तिघांनी धावत जाऊन सरांना सगळं सांगितलं. पण सर काही म्हणायच्या आधी काकाच हसले. "हवेतला दमटपणा तो! माझं बेसिन थेंबभर गळत नाही."

मुंगीचे डोळे चमकले. "नक्की ना काका? मग आमचं ब्रश धुतलेलं पाणी त्यात ओतू?"

"अगं, ओत की! अख्खी बादली ओत!"

"सर, तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं बाई, ऐकलं! जा आता."

मुंगीनं बादलीत लाल रंगाची अख्खी बाटली उपडी केली. जिराफनं बादली वर नेली आणि सगळं पाणी बेसिनमध्ये सोडलं. मग तिघं चंद्रासमोर मांडी ठोकून बसले.

काहीच झालं नाही.

वाट पाहून पाहून जिराफ कुजबुजला, "आपलं चुकलं तर?" मुंगीनं पुढे सरकून चंद्राचा गाल पुन्हा निरखला. पांढऱ्या रंगाची बादली आणि रोलर घेऊन काका येताना दिसले. मागोमाग सर आणि चित्रकलेच्या बाई.

"चला, उठा!" काकांनी रोलर बुडवला.

"काका, थोडं थांबा!" मुंगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"सर, बघा ना ही पोरं! मी सांगतोय, माझ्या कामात..."

काका बोलतच राहिले, पण त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाईंनी तोंडावर हात धरला होता. रेडिओ तर चक्क बंद पडला होता! मुंगीनं वळून पाहिलं. चंद्राच्या गालावर गुलाबी ठिपका उमटला होता. बघता बघता तो पसरला आणि लालेलाल ओघळ चंद्राच्या हनुवटीवरून खाली आला.

"चंद्र लाजला!" रेडिओला वाचा फुटली.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. सर ओरडले, "आधी मेन स्विच बंद करा! कुणीही त्या बोर्डाजवळ जायचं नाही!"

वीज बंद झाली. छिन्नी-हातोडी आली, पण काकांचा हात अडला. "पाइपचा सांधा इथेच, चंद्राच्या मागे आहे. फोडावा लागेल."

सगळे मुंगीकडे पाहू लागले. तिनं एकदा चंद्राकडे डोळे भरून पाहिलं. मग ती बाजूला झाली. "फोडा काका. चंद्र परत काढता येतो."

पहिल्या घावाला तिनं डोळे मिटून घेतले. प्लास्टर निघालं आणि आत पाइपचा सांधा दिसला. नुसता टेकवून ठेवलेला, पक्का केलेलाच नव्हता!

"तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही," सर तिघांना म्हणाले. "शाळा उघडल्यावर वीज चालू असती, वर्ग भरलेले असते... विचारही करवत नाही. शाब्बास रे! आणि तुझी तर कमालच, मुंगी!"

काका मान खाली घालून उभे होते. "सांधा पक्का करतो, प्लास्टर करतो, वाळू देतो. आणि मग... चंद्र काढायला मदत करू का?"

मुंगीनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"करा. पण आधी कागदावर गोल काढून दाखवा. मी तपासणार!"