दुसऱ्याने बघायची गाठ

नऊच्या गिऱ्हाइकाची वाट बघत ती कड्यावर उभी होती आणि बरोबर नऊला पाच कमी असताना बॅग घेतलेला एक घामाघूम माणूस वर आला. तिने ना नाव विचारलं ना गाव. हार्नेस चढवला, हेल्मेट घातलं, पट्टे आवळले. तो आपला "अहो, ऐका तरी..." म्हणत राहिला. घाबरलेली गिऱ्हाइकं असंच म्हणतात.

शेजारच्या दोरावरून ती त्याच्याबरोबर उतरली. पाय जमिनीला टेकल्यावर त्याने खिशातून कार्ड काढलं. तो दोरांच्या कंपनीचा विक्रेता होता.

"दहा वर्षं दोर विकतोय," तो म्हणाला. "लटकलो आज पहिल्यांदा."

"मग? माल कसा वाटला?"

"उत्तम. दुसऱ्या कंपनीचा आहे, एवढंच."

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढच्या शनिवारी तो नमुने दाखवायला आला. त्यानंतर येण्यासाठी सबब सांगणंच त्याने सोडून दिलं.

धंदा घरचा. आई बुकिंग सांभाळायची, ही गिऱ्हाइकांना दोरावरून कडा उतरवायची, आणि बाबा गाठी तपासायचे. बाबांचा नियम एकच: गाठ मारणाऱ्याने ती स्वतः तपासायची नाही. दुसऱ्याने हात लावून बघायची आणि मोठ्याने "बघितलं" म्हणायचं. त्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही. पण बाबांची नजर आता अंधुक झाली होती. "दुसरा माणूस मिळाला नाही तर या मोसमानंतर बंद करू," ते म्हणाले होते. तिने तिघांना ठेवून पाहिलं आणि तिघांनाही घरी पाठवलं.

"तुला कुणाचा हात पटतच नाही," आई म्हणाली. खरंच होतं ते. तिची स्वतःची गाठ बाबांखेरीज कुणी पाहिलेली नव्हती.

विक्रेता मात्र दर शनिवारी बाबांशेजारी बसून गाठी शिकायचा. बाबा मुद्दाम चुकीची मारायचे, तो बोटांनी चाचपून चूक काढायचा. ती दोर गुंडाळता गुंडाळता बघायची... आणि भलताच दोर गुंडाळून ठेवायची.

मग एका शनिवारी तो म्हणाला, "बढती मिळतेय. लांबच्या शाखेत. आठवड्याभरात कळवायचंय."

"अभिनंदन," ती म्हणाली. तो आठवडा तिने कसाबसा ढकलला.

पुढच्या शनिवारी गिऱ्हाइकांच्या आधी ती स्वतः उतरायला निघाली. गाठ मारली. सवयीने बाबा पुढे आले.

"बाबा, थांबा." ती त्याच्याकडे वळली. "तू बघ."

आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती. त्याची बोटं सावकाश गाठीवरून फिरली, दोर अडकवायच्या कमरेच्या कडीपाशी थांबली. कडीचा स्क्रू उघडाच होता. जी जन्मात कधी चुकली नव्हती, ती आज चुकली होती.

"लक्ष कुठे होतं?" त्याने विचारलं.

"तुला माहीत आहे," ती म्हणाली. "जाऊ नकोस."

त्याने स्क्रू फिरवून घट्ट केला. "बघितलं," तो म्हणाला. मग त्याने खिशातून एक कागद काढला. "आता माझं एक बघशील? राजीनामा लिहिलाय. इथेच राहायचंय... बाबांच्या जागी उभं राहायला. तुझ्याजवळ. पण ठरवलंय माझं मीच, आणि आपली गाठ आपण तपासायची नसते."

वाऱ्याने कागद फडफडत होता. तिने तो दोन्ही हातांत धरून दोनदा वाचला, खालची सही बोटाने चाचपली.

"बघितलं," ती म्हणाली. बाबांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने.