नव्या क्लचच्या गाडीचा हार

"त्या विक्रमला जीभ सांभाळायला कुणी शिकवलंय का न्हाई, आक्का?" लालबी ओट्याच्या पायरीवरूनच कडाडली. "काल भर चौकात माझ्या सिद्दीकची गचांडी धरली! म्हणतो, क्लचप्लेट उलटी बसवलीस, लबाडा. शुक्रवारी गॅरेज खाली कर!"

साळूबाईनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही. शिरूरपासून दौंडपर्यंत कुणी कुणाला फसवलं की माणसं पोलीस ठाण्याच्या आधी हिच्या ओट्यावर येत. ती फुकट गोड बोलत नसे आणि फुकट कुणावर विश्वासही ठेवत नसे.

"बसवली असंल उलटी," ती म्हणाली. "पोरगा तुझा हाय म्हणून चुकत न्हाई का?"

"चुकला असंल तर मीच कुलूप लावते. पर आधी बघा तरी."

"हां, हे बोललीस नीट. चल, तू बी बस. सावळ्या, जीप काढ."

सावळाराम तिचा धाकटा भाऊ. त्याच्या जीपच्या बॉनेटवर तळहाताएवढा रंग उडालेला होता. गेल्या साली ब्रेक ऑइल भरताना त्यानंच सांडलं होतं आणि तेव्हापासून रोज बहिणीची बोलणी खात होता. आजही चौफुल्यापर्यंत त्यानं ती खाल्ली.

दौंडला राजनंदिनीच्या अंगणात लिंबाखाली गाडी उभी होती. बॉनेटवर झेंडूचा सुकलेला हार. शेजारी आपल्या नव्याकोऱ्या मोटारसायकलवर विक्रम बसलेला. राजनंदिनी त्याची थोरली वहिनी. गाडी तिची, आणि सिद्दीकच्या शिरूरच्या गॅरेजची जागाही तिचीच.

"आता म्हाताऱ्या बाया गाड्या दुरुस्त करणार व्हय?" विक्रम हसला.

सावळारामनं टेकायला त्याच्या टाकीवर हात ठेवला. "ए, नव्या गाडीला फोड कसले रं? पाच बोटं उमटल्यावानी दिसतंय."

"उन्हानं आलेत. हात काढा."

साळूबाई राजनंदिनीकडं वळली. "कधी बिघडली?"

"परवा संध्याकाळी शिरूरहून आली, तवा झकास होती. नवं काम म्हणून मी पूजा केली. हाराची दोन्ही टोकं फटीत धरली आन् बॉनेट दाबलं. सकाळी चालू केली तर गिअर पडंना, नुसती खरखर. तवापासनं उभीच हाय. बॉनेट कुणी उघडलंच न्हाई. माझं मत सांगू? सिद्दीकचं काम चोख असंतोवर जागा त्याची, असा माझा शब्द होता. आता कसा पाळू?"

साळूबाई हारावर वाकली. फटीतली फुलं चेपून कागद झाली होती. तशीच एक चेप बोटभर बाहेरही होती, दोन्ही टोकांना. तिनं हार तसाच राहू दिला.

"ड्रायव्हर कोण?"

जालिंदर पुढं आला. तोंड पाडलेलं.

"सिद्दीकचा आन् तुझा तंटा झाला म्हणं?"

"झाला. क्लचवर पाय ठेवून चालवतोस म्हणून जुना जळाला, असं चारचौघांत बोलला मला. राग हायेच."

"मग येताना गाडी कशी होती?"

"न्हावऱ्यापासनं उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत आलो. पयला-दुसरा, पयला-दुसरा. लोण्यावानी पडत होता गिअर."

सावळाराम बहिणीच्या कानाला लागला. "आक्का, ह्यानंच केलंय. राग कबूल करतोय की!"

"गप. जालिंदर, गाडी बंद ठेवून गिअर टाक."

सगळे गिअर अलगद पडले.

"आता चालू कर."

रिव्हर्सला अशी खरखर झाली की लिंबावरचे कावळे उडाले.

"आता क्लच चार-पाच डाव भराभर दाब, आन् मग टाक."

जालिंदरनं पायडल हाणलं. रिव्हर्स बिनआवाज पडला. त्यानं चमकून वर पाहिलं. "एअर धरलीय!"

"असंल." साळूबाईनं कपाळावर आठ्या आणल्या. "तेल कमी झालंय का काय?"

"कसलं कमी?" विक्रम खेकसला. "तेलाची डबी काठोकाठ हाय. गळती न्हाई, काय न्हाई. प्लेट उलटीच हाय!"

साळूबाई पायरीवर बसली. पदर सारखा केला.

"सावळ्या, ऐक. उलटी प्लेट क्लच हाणून सुलटी होत न्हाई. गिअर पडला, म्हंजी प्लेट नीट हाय आन् तेलाच्या नळीत हवा हाय; भराभर हाणलं की ती दबती. सिद्दीकनं हवा तशीच ठेवली असती तर जालिंदर ट्रॅक्टरमागं रांगत आलाच नसता. आन् जालिंदरला सूड घ्यायचा असता तर त्यानं गाडी शिरूरपासनंच खराब होती म्हटलं असतं. दुश्मनाची तारीफ कोण करतं?"

"मग हवा ह्या अंगणात शिरली?"

"शिरली न्हाई. घातली. खालचा स्क्रू सैल करून तेल सोडलं, पुन्हा आवळलं, आन् चोरी दिसू नये म्हणून वरनं डबी भरली. डबी बॉनेटखाली असती. बघ त्या हाराकडं. राजनंदिनीनं बॉनेट एकदा दाबलं, फुलं दोनदा चेपलीत. कुणीतरी हार काढला, पुन्हा लावला, बोटभर सरकला."

राजनंदिनीनं हार हातात घेतला. दोन्ही चेपा निरखल्या.

"बॉनेट उघडलंच न्हाई म्हणतीस, मग डबी काठोकाठ हाय हे ह्याला कसं ठावं?" साळूबाईनं तिला विचारलं.

विक्रम मोटारसायकलवरनं उतरला. "अंदाजानं बोललो."

"जालिंदर, उघड."

डबीतलं तेल झाकणाला लागलं होतं. भरायच्या खुणेच्या कितीतरी वर.

"सावळ्या, आपल्या जीपचा रंग कशानं गेला?"

सावळाराम टाकीकडं बघत राहिला. मग त्याचं तोंड उघडलं. "ब्रेक ऑइलनं! क्लचमध्ये बी तेच असतंय. आक्का, ह्यानं बरबटलेला हात..."

"उशिरा का होईना, पेटलास. ऊन पाच बोटं उमटवत न्हाई."

"कशापायी, भाऊजी?" राजनंदिनी त्याच्याकडं वळली. "त्या ढाब्यापायी? गॅरेजची जागा मी तुमच्या ढाब्याला दिली न्हाई म्हणून?"

विक्रम मान वर करीना. तिनं लालबीपुढं हात जोडले. "मावशी, जागा सिद्दीकचीच. ह्या गाडीची एअर बी त्यालाच काढायला सांगा."

साळूबाई उठली. विक्रमच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"वर बघ. देवाचा हार उचकटून दुसऱ्याच्या हातचं काम नासवलंस, तुझ्या चुलीवरचं पाणी बी कुणी पिऊ नये. उद्या त्याच चौकात जायचं. जिथं गचांडी धरलीस तिथंच सिद्दीकचे पाय धरायचे. आन् ती टाकी रंगवायची न्हाई. लोकांनी विचारलं, ही बोटं कुणाची, तर सांगायचं, माझीच."