न घेतलेली नात

"घ्या ना आत्याबाई... एकदा तरी घ्या हिले!"

कांतानं पोरीला पुढं केलं आणि केसरबाई मागं सरकल्या, त्या थेट अंगणातल्या उखळापर्यंत. "हात खराब हायेत माये," एवढंच त्या म्हणाल्या. हात तर आत्ताच धुतले होते! सुनेचे डोळे भरून आले.

"पोरगा असता त घेतलं असतं, नाई का?"

केसरबाईंच्या काळजाला घरं पडली. पण सांगणार तरी काय? सात वर्षांपूर्वी गेलेली पाळी या पिकल्या केसांच्या वयात परत आली होती, आणि आली ती जायचं नावच घेत नव्हती, हे सुनेला कोणत्या तोंडानं सांगायचं? विटाळात तान्ह्याला शिवू नये, हे त्यांच्या सासूनं त्यांच्या अंगी भिनवलेलं. म्हणून त्या पडवीत निजायच्या, ताट बाहेरच घ्यायच्या, देवाजवळ फिरकायच्या नाहीत. गाव म्हणे, नात झाली म्हणून म्हातारी रुसली! कांताचा नवरा खुशाल, त्यांच्या पोटचा मुलगा, पण तोही धड बोलेनासा झाला. त्या मात्र दुरून पाळण्याची करकर ऐकत आणि मनातल्या मनात नातीला न्हाऊमाखू घालत... लेकराला काही होऊ नये, मग आपल्याला कोणी काही म्हणो!

चौऱ्याऐंशी सालच्या रोवणीत त्या धानाच्या बांधीतच, चिखलात, चक्कर येऊन पडल्या. उचलताना कांताला रक्तानं भिजलेलं लुगडं दिसलं, आणि घरी आल्यावर गोठ्यामागं काटक्यांवर लपवून वाळत घातलेल्या चिंध्या. सहा महिन्यांचा सगळा रुसवा तिला एकदम कळला.

"काऊन नाई सांगितलं जी मले?" सासूचे पाय धरून ती हमसून हमसून रडली.

गोंडपिपरीहून एसटी, पुढं नागपूरचा मोठा दवाखाना. गर्भपिशवीतून काढलेला तुकडा तपासून आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं.

"पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जायला लागलं, तर ती पाळी नसते, आजी. तुमच्या गर्भपिशवीच्या भिंतीत, तिथल्या मांसात गाठ आहे. साध्या गाठी पुष्कळजणींना होतात. ही तसली नाही, हा कॅन्सर आहे... फार क्वचित कुणाला होतो. साध्या गाठीसारखाच दिसतो, म्हणून फसवतो. पिशवी काढावी लागेल. त्यानंतरही तो परत येणारच नाही, असं वचन मी देऊ शकत नाही."

खुशालनं तोंडाला रुमाल लावला. केसरबाई मात्र पहिल्याच वाक्यावर अडकल्या होत्या.

"म्हंजे बाई... हा विटाळ नाई?"

"नाही. आजार आहे."

"मंग सहा महिने मी उगीचच..."

"विटाळ असता तरी का झालं असतं, आत्याबाई!" कांता उठली आणि पोरीला तिनं सासूच्या मांडीवर ठेवलं. "तुमचीच नात हाये ते."

पोरीनं आजीच्या गळ्यातली पोत मुठीत धरली आणि ओढली. केसरबाईंचे हात तिच्या पाठीवरून फिरले, मग घट्ट झाले.

"परवा ऑपरेशन करू," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आजी, भीती वाटते का?"

"थांबा जी थोडं," केसरबाई मान वर न करता म्हणाल्या, "आधी हिले पाहू द्या मले."