डुलती घोडी आणि हेमांगीचा हात

मिरजेच्या नादयंत्र प्रयोगशाळेत शिरताच हेमांगी आवळेने आपली इलेक्ट्रिक गिटार टेबलावर ठेवली आणि बजावलं, "इरफान, काय तपासायचं ते तपास. पण तारांखालची घोडी बदलायची नाही."

डॉ. इरफान शिकलगार हसला. तंबोऱ्याची घोडी घासून तारेची झंकारती जवारी काढण्यात त्याच्या घराण्याच्या पिढ्या गेल्या होत्या. हा पठ्ठ्या घोडीत मोटारी बसवत होता.

"ताई, गिटार चाचणीत पुन्हा नापास झालीय. घोडीला जोडलेली दांडी दाबली की तुमची डुलती घोडी झुकते, तारा सैल पडतात, सूर लहरतो. इथवर झकास! पण दांडी सोडल्यावर ती पूर्ण जागेवर येत नाही. बिजागरीत घासते आणि सूर किंचित उतरलेला राहतो. माझी स्वयंस्थिर घोडी केसभर चुकत नाही."

"इतकी वर्षं वाजवतेय. एकाही श्रोत्याने बेसूर म्हटलं नाही."

"सभागृहाला यंत्राचा शिक्का लागतो, ताई."

त्या शिक्क्यामागची गोम हेमांगी ओळखून होती. शिक्का नसेल तर शनिवारच्या कार्यक्रमात मंचावर पाय ठेवता येणार नव्हता. असेल तर वाद्य कुणाच्याही हातात सारखंच वाजणार. मग वादकाच्या जागी हळूच यांत्रिक हात. तिच्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला असाच घरी बसला होता. आता तिची पाळी होती, आणि मुकाट्याने घरी बसणाऱ्यांतली ती नव्हती.

"निदान वाजवून तर बघा," म्हणत इरफानने नवी घोडी बसवलेली, तंतोतंत तशीच दुसरी गिटार पुढे केली.

हेमांगीने दांडी दाबली, सोडली, पुढचा सूर धरला. तो चक्क चढा लागला. पुन्हा वाजवलं, पुन्हा चढा.

"वा रे वा! हीच का तुझी शहाणी घोडी?"

पडद्यावरचे आकडे पाहून इरफान चक्रावला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "घोडी अचूक आहे. सूर तुम्ही चढवताय. जुनी घोडी जेवढा उतरवते, तेवढीच तार तुमचं बोट नकळत ताणतं. चूक अधिक दुरुस्ती, बेरीज शून्य. आता चूक गेली आणि दुरुस्ती राहिली."

"म्हणजे माझ्या बोटांनी शिकलेलं विसरायचं?"

"नको. घोडीच शिकेल. तिला एकच आज्ञा देतो: या हातातून निघणारा सूर खरा हवा, त्यासाठी वाटेल ते कर."

हेमांगी वाजवत राहिली आणि मोटारी कुरकुरत राहिल्या. हळूहळू सूर जागेवर आला. परक्या गिटारीतून तिचाच आवाज येत होता.

इरफानने ती गिटार लगेच चाचणीच्या खोक्यात ठेवली. आतल्या पोलादी बोटाने तारा छेडल्या. नापास! त्याने दोन्ही गिटारींच्या चुकांचे आलेख एकमेकांवर ठेवले, तर रेषा एकच दिसली.

त्याने त्या रेषेवर बोट ठेवलं. "ही मुद्दाम सूर उतरवतेय, ताई. तुमच्या जुन्या घोडीइतकाच. एवढी अक्कल घातली हिच्यात, आणि शिकली काय, तर घासणं!"

हेमांगी खो खो हसली. मग हसू आवरून तिने स्वतःची गिटार उचलली, खोक्याचं झाकण उघडून आतली गिटार काढली, आपली आत ठेवली, पोलादी बोट बाजूला सारलं आणि स्टूल ओढून बसली.

"हे काय?"

"अर्धंच वाद्य तपासत होतास. आता अख्खं तपास."

चाचणीच्या नियमात 'वाद्य' एवढंच म्हटलं होतं, आणि वाद्य कुठे संपतं हे आता खुद्द इरफानलाही सांगता येत नव्हतं. त्याने यंत्र सुरू केलं. हेमांगीने दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली, मनसोक्त छळ केला. हिरवा दिवा लागला.

"शिक्का मिळेल," तो चाचरत म्हणाला, "पण फक्त तुमच्या हातासकट. दुसऱ्या कुणी किंवा यंत्राने वाजवली, की गिटार बाद."

"तसंच छाप," हेमांगी म्हणाली. "मोठ्या अक्षरात."