बाजूच्या सीटवर बस

दार लोटून घ्या आणि मोबाईल उलटे ठेवा, नाहीतर मी सांगणार नाही. गोष्ट खरी आहे, तुमच्या फ्यूजमावशीची. ती आत भांडी आवरतेय, म्हणून हळू बोलतो. मी ही गोष्ट सांगितलेली तिला खपत नाही.

फ्यूज हे नाव तिला गॅरेजात पडलं. गाड्यांचं वायरिंग करते म्हणून नाही, डोकं चटकन जातं म्हणून. माझीच मावसबहीण, पण लहानपणापासून माझं कधी ऐकलं असेल तर शपथ.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, दुसरा शनिवार. रात्री नऊच्या सुमाराला तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. या भाऊजींचा जुन्या गाड्या घेऊन विकायचा धंदा, आणि त्यांच्याच आवारातल्या शेडमध्ये फ्यूजचं काम चालायचं. एका करड्या गाडीत एअरबॅगचा दिवा पेटलाय, म्हणाले. सकाळी गिऱ्हाईक येतंय, रोज डोंगरातल्या रस्त्यानं ये-जा करणारी एक नर्स. तेवढा दिवा घालव.

फ्यूजनं ताट झाकून ठेवलं, टॉर्च घेतला आणि गेली. आवारात चिटपाखरू नव्हतं. तिनं गाडीला स्कॅनर लावला, तर ड्रायव्हरच्या एअरबॅगचं सर्किट कुठेतरी तुटलंय, एवढं त्यानं दाखवलं. ती नोंद पुसून पाहिली, दिवा परत हजर. हॉर्न दाबला, तोही मुका. मग तिला अंदाज आला. स्टिअरिंगच्या पोटात एक चपटी केबल गुंडाळलेली असते, चाक फिरेल तशी ती उलगडते आणि मिटते. हॉर्नची आणि एअरबॅगची तार त्या एकाच केबलमधून जाते. ती तुटली की दोन्ही गेले.

एअरबॅगला हात लावायच्या आधी बॅटरीची तार काढून थोडं थांबावं लागतं. घाई केली आणि ती तोंडावर फुटली तर थोबाडाचा पार चेंदामेंदा. फ्यूज कितीही तापट असली तरी या कामात उतावीळ नाही. तिनं तार काढली, बाहेर स्टुलावर बसली आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला.

आणि हॉर्न वाजला.

लांब. एकदाच.

बॅटरीची तार तिच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. गाडीत कुणी नव्हतं. चहा सांडला तो सांडलाच, पण पळून जाईल ती फ्यूज कसली! उंदीर असेल, असं मोठ्यानं म्हणाली आणि पाना घेऊन आत शिरली.

तिनं स्क्रू सोडवून एअरबॅग अलगद काढली आणि बाकावर ठेवली. आत केबल तुटलेली होतीच. पण खालच्या वायरीवर हिरव्या टेपात काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. सोडवलं, तर तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर. हा दाणा बसवला की गाडीला वाटतं एअरबॅग ठीक आहे, आणि दिवा जातो. एअरबॅग मात्र उघडत नाही, मग माणूस मरो की जगो. दाण्याची एक तार आता तुटली होती, म्हणून दिवा पेटला होता. आणि तो हिरवा टेप अख्ख्या आवारात फक्त भाऊजींच्या खणात असायचा.

तिनं टॉर्च स्टिअरिंगच्या चाकावर मारला. चाकाची खालची कड आत वाकलेली होती. एअरबॅग न उघडता छाती आदळली की वाकते तशी. तिनं फोन लावला.

"भाऊजी, या गाडीत आधी कोण बसायचं?"



"नवा दाणा टाक आणि घरी जा," ते म्हणाले. "बहिणीच्या संसारात बिब्बा घालू नकोस."

फोन बंद. संतापानं तिचे कान तापले. तुटकी केबल काढायला ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

सीट मागे सरकली. आपोआप.

तिनं पुढे ओढली.

परत मागे... हळूहळू. तिच्यापेक्षा उंच माणसाला लागते तेवढी.

मग चाक डावीकडे वळलं. थांबलं. उजवीकडे वळलं.

मानेवर श्वास आला... गार.

ती घाबरली नव्हती असं नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. तिनं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हे बघ, मी दिवा घालवायला आलेले नाही, दोष काढायला आलेय," ती म्हणाली. "तुझं जे झालं ते या गाडीत परत कुणाचं होऊ देणार नाही. पण ही जागा मला हवी आहे. बाजूच्या सीटवर बस."

काही नाही...

काही नाही...

मग बाजूच्या सीटची गादी दबली.

तिनं तिकडे पाहिलं नाही. आवारात त्याच मॉडेलची एक भंगार गाडी पडली होती. तिची केबल काढली, चाकही काढलं, दोन्ही नीट बसवलं. एअरबॅग जागेवर, बॅटरी जोडली, चावी फिरवली. दिवा पेटला आणि गेला. या वेळी खरा गेला.

सकाळी नर्स आली, तेव्हा फ्यूजनं तो दाणा आणि हिरवा टेप बॉनेटवर ठेवला आणि भाऊजींच्या देखत सगळं सांगितलं. भाऊजींनी डोळे वटारले, शेड रिकामी कर म्हणाले. करते, म्हणाली, पण ही गाडी माझ्या राहिलेल्या मजुरीत घेऊन जाते. नर्स आल्या पावली परत गेली. बहीण अजून फ्यूजशी बोलत नाही. त्याचं तिला वाईट वाटतं, पण केल्याचा पस्तावा नाही.

आता तुम्हीच आठवा. संध्याकाळी स्टेशनवरून तिनं तुम्हाला आणलं ती करडी गाडी. तुम्ही तिघं सामानासकट मागे कोंबलेले, आणि पुढची सीट रिकामी. हा धाकटा म्हणालासुद्धा, मावशी, मी पुढे बसू? काय म्हणाली ती?

बरोबर. "तिथे बेल्ट लावलाय," म्हणाली.

लावलेला होताच. पण रिकाम्या सीटवर लावलेला बेल्ट गादीला टेकतो. सामान उतरवून घेताना मी पाहिलं, हा टेकला नव्हता. मध्ये जागा होती...

माणसाएवढी.